आत्तीची वही

माझ्याकडे येणारी माणसं बहुतेक वेळा खुर्चीत टेकायच्या आधीच आकडा मागतात. दिवसाला किती कॅलरी घेऊ? कुणाला पोट उतरवायचं असतं, कुणाला अंग भरायचं असतं, प्रश्न एकच. वजन, उंची, वय आणि कामाचं स्वरूप कळलं की तो आकडा काढायला पाच मिनिटंही लागत नाहीत, आणि मी तो काढून देतेही. पण त्याखाली तारीख घालते आणि सांगते, हा अंदाज आहे. तीन आठवडे काय खाल्लं ते लिहा, सकाळी अनशापोटी वजन करा, मग हा आकडा आपण बदलू. अशा रीतीनं काम करायला मला ज्यांनी शिकवलं, त्यांतली पहिली माझी आत्ती. ती चौथीपर्यंत शिकलेली, आणि कॅलरी हा शब्द तिनं पहिल्यांदा माझ्याच तोंडून ऐकला.

आत्तीची खानावळ कोल्हापुरात एका तालमीच्या मागच्या बोळात होती. यजमान लवकर गेले, पदरी मूल नाही. माझे वडील तिला गावाकडे न्यायला आले तेव्हा ती म्हणाली होती, "दादा, मी कुनाच्या चुलीवर जगनार न्हाई. माझी चूल मी पेटवतो." आमच्या गावात सातवीपुढं शाळा नव्हती, म्हणून नंतर मीच तिच्याकडं राहायला गेले. बारावीपर्यंतची माझी सगळी वर्षं भाकरी थापल्याच्या आवाजात गेली.

तालमीत शिराळ्याची, राधानगरीची, माणची, सांगोल्याची पोरं असत. ज्यांचं गाव जवळ, त्यांचा डबा एसटीनं यायचा. ज्यांचं लांब, ती आत्तीकडं जेवायची. पहाटे मेहनत, संध्याकाळी मेहनत, मधे झोप आणि खाणं, एवढंच त्यांचं आयुष्य. दूध ती गंगावेशच्या कट्ट्यावर जाऊन प्यायची, म्हशीचं, समोर धार काढलेलं. थंडाईचे बदाम ज्याचे त्याचे. बाकी भाकरी, आमटी, उसळ, अंडी आणि वारानुसार मटण हे आत्तीचं.

हिशेब भाकरीवर होता. लाल कापडाच्या बांधणीची एक लांब वही असायची, प्रत्येक पोराचं एक पान, आणि जेवण झालं की जितक्या भाकऱ्या तितक्या उभ्या रेघा. त्या रेघा मी मारायची. महिनाअखेरीला वस्ताद सगळ्या पोरांना शाहूपुरीत एका गुळाच्या अडतीवर न्यायचे. तिथल्या गुळाचे रवे तोलायच्या काट्यावर प्रत्येकाचं वजन व्हायचं, आणि वस्तादांच्या सांगण्यावरून तो आकडा आत्ती मला त्याच पानाच्या समासात लिहायला लावायची. खाल्लेलं आणि वजन एकाच पानावर. याची किंमत मला पुष्कळ वर्षांनी कळली.

नवीन पोरगं आलं की पहिले पंधरा दिवस आत्ती त्याला काही बोलायची नाही. मागेल तितकं वाढायची. नुसती बघायची. मी विचारलं तर म्हणायची, "किती खातंय ते कुनीबी मोजंल. खाल्लेलं कुठं जातंय ते बघ." पंधरा दिवसांनी तिचं ठरलेलं असायचं. मान भरत नसेल आणि संध्याकाळी पोरगं पेंगत असेल तर एक अंडं वाढायचं. पोटावर वळी दिसायला लागली तर तूप कमी व्हायचं. पण एका वेळी एकच. अंडं वाढवलं त्या महिन्यात तुपाला हात लावायचा नाही. "दोन्ही एकदम केलं तर कशानं काय झालं कसं कळनार?" हे तिचं म्हणणं. पुढं प्रयोगाचं तंत्र म्हणून मी हेच शिकले, आणि शिकताना मला एकही नवी गोष्ट सांगितली जात नव्हती.

एका पोराचा गुडघा दुखावला आणि मेहनत बंद झाली. दुसऱ्या दिवसापासून त्याची भाकरी लहान. त्यानं विचारलं, "आत्ती, भाकरी बारकी का?" ती तव्यावरून नजर न काढता म्हणाली, "गुडघा बरा हुदे, मोठी हुईल." तो रुसला. आत्तीनं त्याच्या ताटात उसळीची एक वाटी जास्त ठेवली. पीठ कमी, कडधान्य जास्त. हालचाल थांबलेल्या शरीराला ऊर्जा कमी लागते, पण दुखावलेलं अंग भरून यायला आणि स्नायू टिकायला प्रथिनं लागतातच. पुस्तकाच्या भाषेत हे मी आज लिहू शकते. त्या दिवशी ते मी फक्त ताटात पाहिलं.

बारावीनंतर मी पुण्यात गृहविज्ञान शिकायला गेले. तिथं आहारशास्त्र शिकवणाऱ्या बाई होत्या. त्यांचा माझ्यावरचा उपकार असा की त्यांनी माझ्या घरातलं ज्ञान हलकं मानलं नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं 'न्यूट्रिटिव्ह व्हॅल्यू ऑफ इंडियन फूड्स' हे पुस्तक त्यांच्या टेबलावर कायम उघडं असायचं. १०० ग्रॅम ज्वारीत ३४९ कॅलरी आणि १०.४ ग्रॅम प्रथिनं. म्हशीच्या १०० ग्रॅम दुधात ११७ कॅलरी, गाईच्या दुधात ६७. तूरडाळ ३३५, शेंगदाणे ५६७. हे आकडे बाईंनी आमच्याकडून पाठ करून घेतले, आणि त्यांच्यामागं कुणाचे कष्ट आहेत तेही सांगितलं. पिष्टमय पदार्थ आणि प्रथिनं यांच्या एका ग्रॅमला ४ कॅलरी, स्निग्ध पदार्थांच्या एका ग्रॅमला ९, हा हिशेब अमेरिकेतल्या मिडलटाउन गावी विल्बर ॲटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बसवला. माणसाला एका बंद खोलीत ठेवून त्याच्या अंगातून निघणारी उष्णता मोजण्याचं यंत्र त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलं होतं. त्या खोलीत दिवसचे दिवस बसून राहिलेल्या माणसांची नावं आम्हाला ठाऊक नसली तरी त्यांचं देणं आपण रोज वापरतो, असं बाई म्हणायच्या.

माझ्या प्रकल्पाचा विषय ठरत नव्हता. बोलता बोलता मी खानावळीच्या वहीचं सांगितलं. बाई खुर्चीत सरळ झाल्या. "वजनं लिहिलेली आहेत? महिन्याच्या महिन्याला?" दिवाळीच्या सुटीत मी वह्यांचा गठ्ठा पुण्याला नेला. बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "भाकऱ्या किती हे कळलं. पीठ किती?" मी परत कोल्हापूरला जाऊन आत्तीच्या एकेका भाकरीच्या कोरड्या पिठाचं वजन केलं. तिनं हाताच्या अंदाजानं घेतलेलं पीठ प्रत्येक वेळी शंभर ग्रॅमच्या आसपास भरत होतं, फरक चार-पाच ग्रॅमचा. बाईंनी तो कागद वर्गाला दाखवला.

मग आम्ही रेघा मोजायला बसलो. एकच पोरगं एका दिवशी पाच भाकऱ्या खातं, दुसऱ्या दिवशी नऊ. एका आठवड्याची सरासरी दुसऱ्या आठवड्यापेक्षा वेगळी. आणि समासातलं वजन मात्र महिनोन् महिने किलोभराच्या आत-बाहेर. महिन्याची सरासरी धरली की सगळा गोंधळ शांत व्हायचा. दिवसाचा आकडा बघून त्या पोराची गरज सांगायला गेलं असतं तर पाच म्हणणाराही चुकला असता आणि नऊ म्हणणाराही.

तेव्हा बाईंनी मला पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांच्याविषयी सांगितलं. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे सुखात्मे संख्याशास्त्रज्ञ होते, रोमला जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते, आणि निवृत्तीनंतर पुण्यात येऊन काम करत होते. १९७१ साली गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास मांडला. माणशी रोज २,२५० कॅलरींचं अन्न ज्या खर्चात मिळतं, ती त्यांची रेषा. सुखात्म्यांचा आक्षेप असा की सरासरी गरज ही अशी रेषा म्हणून वापरता येत नाही. माणसामाणसात फरक असतोच, पण एकाच निरोगी माणसाची गरजही स्थिर नसते. ती दिवसागणिक, आठवड्यागणिक खालीवर होते आणि काही मर्यादेत शरीर स्वतःला सांभाळून घेतं. यावरून पुष्कळ वर्षं वाद झाला. या विचारानं देशातली भूक कागदावर लहान दिसायला लागेल, आणि कमी अन्नाशी जुळवून घेणाऱ्या शरीराला त्याची किंमत मोजावी लागते, असं विरोधकांचं म्हणणं होतं. बाईंचं मत ठाम होतं. "सरकारनं भूक कशी मोजावी ह्या वादात मी दांडेकरांच्या बाजूची आहे. पण समोर बसलेल्या एका माणसाचं शरीर समजून घ्यायचं असेल तर सुखात्मे वाच." माझंही मत आज तेच आहे.

सुखात्म्यांना मी कधी भेटले नाही. १९९७ साली ते गेले तेव्हा मी नुकतीच नोकरीला लागले होते. पण एखादी बाई डोळ्यांत पाणी आणून सांगते, "काल लग्नात दोन जिलब्या खाल्ल्या, सगळं वाया गेलं", तेव्हा मी तिला जे उत्तर देते ते त्यांच्याकडून आणि त्या रेघांकडून आलेलं असतं. एका दिवसानं काही वाया जात नाही. आपण महिना मोजतोय.

आता अण्णांविषयी. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ माझ्याकडे आले. वय ४८, उंची १७२ सेंटिमीटर, वजन ११० किलो, साखर वाढलेली, गुडघे कुरकुरणारे. नाव सांगितलं आणि मी उठून उभी राहिले. आत्तीच्या वहीत त्यांचं पान होतं. पंचविशीत त्यांनी मैदानं गाजवली होती आणि त्या काळातल्या त्यांच्या भाकऱ्यांच्या रेघा मीच मारल्या होत्या. त्यांना ते पान दाखवलं. बराच वेळ ते त्यावर बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "ताई, ह्यातलं काय लागंल ते घ्या. माझ्याकडनं कुनाला शिकाय मिळालं तर बरंच हाय." ही त्यांची परवानगी हेच माझ्यावरचं मोठं देणं. त्यांच्या शरीराचा हिशेब मी आज कितीतरी विद्यार्थ्यांना शिकवते.

तो हिशेब असा. नुसतं पडून राहिलं तरी हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंड यांना चालू राहायला जी ऊर्जा लागते ती मूळ गरज. ती काढायचं सर्वांत जुनं नावाजलेलं सूत्र हॅरिस आणि बेनेडिक्ट यांचं, १९१९ सालचं. आज बहुतेक ठिकाणी मिफ्लिन आणि सेंट जोर यांचं १९९० सालचं सूत्र वापरतात. किलोतल्या वजनाला १०नं गुणा, सेंटिमीटरमधल्या उंचीला ६.२५नं, दोन्ही मिळवा, वयाची ५ पट वजा करा. मग पुरुषासाठी ५ मिळवा, बाईसाठी १६१ वजा करा. अण्णा माझ्याकडे आले तेव्हाची त्यांची मूळ गरज त्यानुसार १,९४०. पंचविशीत, ९० किलो वजनाचे असताना, १,८५५. म्हणजे सूत्राप्रमाणे अठ्ठेचाळिशीतले अण्णा पडल्या पडल्या जास्त ऊर्जा खर्च करत होते.

दुसरं एक सूत्र आहे, कॅच आणि मॅकआर्डल यांच्या नावानं ओळखलं जाणारं. ते वय, उंची विचारत नाही. चरबी वजा जाता उरलेलं वजन तेवढं विचारतं. त्या वजनाला २१.६नं गुणायचं आणि ३७० मिळवायचे. पंचविशीतली चरबी १५ टक्के धरली तर उत्तर येतं २,०२२. अठ्ठेचाळिशीतली ३५ टक्के धरली तर १,९१४. उलटं झालं. पहिल्या सूत्राला वजन दिसतं, ते कशाचं आहे हे दिसत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी हा फरक जगाला स्वतःच्याच शरीरावर दाखवला. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचं आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचं एकत्र छायाचित्र छापून आलं. उंचीच्या प्रमाणात दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपल्याकडच्या सडपातळ दिसणाऱ्या माणसालाही मधुमेह का गाठतो, याचं उत्तर शोधणाऱ्यांना त्या एका छायाचित्रानं दिशा दिली. वजनाबरोबर कमरेचा घेर मोजल्याशिवाय मी कुणालाच जाऊ देत नाही, ते त्यामुळं.

पण अण्णांच्या बाबतीत या दोन सूत्रांतला फरक फार तर पावणेदोनशे कॅलरींचा. खरा फरक दुसरीकडं होता. मूळ गरजेला दिवसभराच्या हालचालीनुसार एका आकड्यानं गुणावं लागतं. दिवसभर बसून असणाऱ्याला १.४च्या आसपास, तालमीत सकाळ-संध्याकाळ घाम गाळणाऱ्याला २ किंवा त्याहून थोडं वर. पंचविशीतले अण्णा दिवसाला चार हजारांच्या वर जाळत होते. वहीशीही ते जुळत होतं: रोज सरासरी सात भाकऱ्या म्हणजे २,४४३ कॅलरी, कट्ट्यावरचं लिटरभर म्हशीचं दूध म्हणजे ११७०, वर तूप, आमटी, अंडी. अठ्ठेचाळिशीतला अंदाज २,७१६. मधला फरक जवळजवळ १,४०० कॅलरींचा, आत्तीच्या चार भाकऱ्यांचा. मेहनत सुटली आणि त्या चार भाकऱ्यांना जायला जागा उरली नाही. अख्ख्या कोल्हापूर-सांगलीत, जुन्या पैलवानांच्या घराघरांत ही गोष्ट घडलेली आहे. ते आळशी झाले म्हणून लठ्ठ झाले असं कुणी म्हटलं की मला राग येतो. ज्या खाण्यानं त्यांना घडवलं त्याच खाण्याशी ते प्रामाणिक राहिले. मेहनत थांबेल तेव्हा काय बदलायचं, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही.

अण्णांनी भाकरी केव्हाच तीनवर आणली होती. मी लगेच काही कमी केलं नाही. तीन आठवडे त्यांच्या सूनबाईंनी प्रत्येक गोष्ट तोलून लिहिली. सरासरी आली २,९००, आणि वजन जागेवर. म्हणजे सूत्र २,७१६ म्हणत होतं तरी अण्णांची खरी गरज २,९००च्या जवळ होती. वजन स्थिर असताना माणूस जेवढं खातो, ती त्याची गरज. याहून चांगला अंदाज कुठलंच सूत्र देत नाही. अट एकच, लिहिणं खरं हवं. आठवून सांगितलेलं खाणं बहुतेक वेळा कमी भरतं. त्यात खोटेपणा नसतो, चमच्याचमच्यानं पडलेलं तेल कुणाला आठवतच नाही.

सूनबाईंच्या वहीत दिसलं की २,९००पैकी ११७० दुधाचेच आहेत. लिटरभर म्हशीचं दूध त्यांनी सोडलेलं नव्हतं, आणि सोडायला सांगितलं असतं तर ते पुन्हा आले नसते. अर्धा लिटर गाईचं दूध ठरवलं. ८३५ कॅलरी वाचल्या. त्यातल्या तीनेकशे दोन अंडी आणि मोड आलेल्या मटकीवर परत दिल्या, म्हणजे चरबी उतरताना स्नायू झिजू नयेत. मूत्रपिंडाच्या तपासण्या डॉक्टरांनी आधी बघून घेतल्या होत्या. रोजची तूट पाचशेच्या आसपास. किलोभर चरबीत ढोबळमानानं ७,७०० कॅलरी, त्या हिशेबानं महिन्याला दोन किलो. पहिल्या महिन्यात तेवढे उतरले. पुढं वेग मंदावला आणि अण्णा खट्टू झाले. मी त्यांना परत आकडेमोड दाखवली. ११०चे १०० किलो झाले की सूत्राप्रमाणेच रोजची गरज जवळजवळ दीडशेनं खाली येते. शरीर लहान झालं, त्याला कमी लागणार. तूट तीच ठेवायची तर अंदाज पुन्हा मांडावा लागतो. अण्णांनी खाणं आणखी कमी करण्याऐवजी रंकाळ्याला फेऱ्या सुरू केल्या, आणि नंतर तालमीत पोरांबरोबर हलके जोर-बैठकाही. कमरेचा घेर वजनापेक्षा जास्त उतरला. ते बघून मला जो आनंद झाला तो मी आत्तीला फोन करून सांगितला.

आणखी एक देणं आहे, ते मी कधीच फेडू शकणार नाही. १९४४-४५मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात युद्धात शस्त्र उचलायला नकार दिलेले ३६ तरुण अँसेल कीझ यांच्या प्रयोगात स्वखुशीनं उपाशी राहिले. युद्धानंतर युरोपातल्या भुकेल्यांना कसं सावरायचं हे कळावं म्हणून. सहा महिने दिवसाला सरासरी सोळाशेच्या आत कॅलरी, आणि भरपूर चालणं. त्यांचं वजन सुमारे चौथ्या हिश्श्यानं घटलं, मूळ ऊर्जाखर्च वजनापेक्षाही जास्त प्रमाणात खाली गेला, थंडी वाजू लागली, मन खचलं, डोक्यात अन्नाशिवाय काही राहिलं नाही. आज तरणीताठी मुलं मला "आठशे कॅलरींचा चार्ट द्या, लग्न दोन महिन्यांवर आलंय" म्हणतात, तेव्हा मी त्यांना त्या ३६ जणांची गोष्ट सांगते. चार्ट देत नाही.

उलट्या बाजूची माणसंही येतात. पोलीस भरतीची तयारी करणारी एक मुलगी आली, वय २१, उंची १५८, वजन ४६. धावायची छान, गोळा मात्र लांब जाईना. सूत्रानं मूळ गरज १,१८२, तिच्या सरावाला धरून २,०४०च्या जवळ. अंग भरायला त्यावर अडीचशे, आणि प्रथिनं किलोमागे १.६ ग्रॅम म्हणजे रोज पंचाहत्तरच्या घरात. आकडा फार मोठा नव्हता. अवघड होती तिची आई. "पोरीच्या जातीला एवढं खाया घालायचं? लोक काय म्हनतील?" घरात भावाला दोन अंडी आणि हिला उरलेला रस्सा. मी त्या माउलीला आत्तीकडं घेऊन गेले. आत्तीनं तिला चहा दिला आणि एवढंच विचारलं, "गोळा कोन फेकनार, पोरगा का पोरगी?" त्या घरात अंड्यांचा हिशेब त्या आठवड्यात बदलला. मुलीचं वजन महिन्याला अर्ध्या किलोच्या आसपास वाढत गेलं. आमचं लक्ष कमरेवर आणि गोळ्यावर होतं; कमर तिथंच राहिली, गोळा पुढं सरकत गेला.

आता आत्ती ८२ वर्षांची आहे आणि माझ्याजवळ राहते. खानावळ केव्हाच बंद झाली. गेल्या वर्षी तिचं वजन घटायला लागलं. ४६ची ४१वर आली, दंडाची कातडी सैल पडली, उठताना हात टेकायला लागली. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही. मी सवयीनं सूत्र मांडलं. उंची १४८, वजन ४१. मूळ गरज ७६४, घरातल्या घरात हिंडण्याफिरण्यासह हजाराच्या आसपास. हा आकडा मी वापरला नाही. मिफ्लिन यांच्या अभ्यासातली माणसं १९ ते ७८ वर्षांची होती, आत्तीच्या वयाचं त्यात कुणीच नव्हतं. आणि घटत चाललेल्या शरीराच्या वजनावरून गरज काढली तर प्रत्येक घटीबरोबर ताटही लहान होत जातं.

म्हणून वही काढली. पंधरा दिवस नुसतं लिहिलं. ती दिवसाला नऊशेच्या आसपास खात होती, प्रथिनं तीस ग्रॅमही नाहीत. वजनाच्या किलोमागे तीस कॅलरी धरून मी साडेबाराशेकडं जायचं ठरवलं, आणि या वयात स्नायू टिकायला हवीत म्हणून प्रथिनं पन्नास ग्रॅमपर्यंत. एकदम नाही. पहिल्या महिन्यात सकाळी एक अंडं. दुसऱ्या महिन्यात संध्याकाळी शेंगदाण्याचं कूट घातलेली भाजी. तिसऱ्या महिन्यात रात्री पेलाभर दूध. आणि रोज दुपारी खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, बसायचं, झेपेल तितक्या वेळा, कारण नुसत्या खाण्यानं स्नायू परत येत नाहीत. ते ती मुकाट्यानं करते. तालमीतल्या पोरांना बैठका मारताना तिनं आयुष्यभर पाहिलंय.

तीन महिन्यांत वजन दीड किलोनं वाढलं आणि आता ती उठताना हात टेकत नाही. परवा मात्र म्हणाली, "रातच्याला दूध नगो, पोट गच्च हुतंय." मी दूध बंद केलं नाही. त्याचं दही लावते आणि दुपारच्या भाकरीबरोबर वाढते. बाकी काही बदललेलं नाही. या महिन्यात एवढंच.